ठाण्यात नौपाड्यातलं मुलांच्या ओसीडीचं क्लिनिक: चार स्टार, सविस्तर

ज्यांच्या मुलाला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको ते विचार सारखे येणं आणि त्यापायी त्याच त्या कृती कराव्या लागणं) आहे किंवा असावा अशी शंका आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. इतरांना हे लांबण वाटेल. मी शोधत होते तेव्हा ठाणे-नवी मुंबईतल्या क्लिनिकांखाली "छान अनुभव", "मॅडम फार प्रेमळ" याच्यापलीकडे काही मिळत नव्हतं. प्रेमळ असतील, पण आत नेऊन करतात काय, आई-बापाला काय करावं लागतं, पैसे किती, वेळ किती, हे कुणी लिहीत नाही. मी लिहिते.

आम्ही ऐरोलीला राहतो. माझा घरगुती पोळी-भाजीच्या डब्यांचा व्यवसाय आहे, माइंडस्पेसमधल्या ऑफिसांत डबे जातात. हे रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहेत. सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगी सहावीत. घरी तिला मनू म्हणतो, इथेही तेच नाव लिहिते.

ओसीडी म्हटलं की लोकांना सारखे हात धुणारं माणूस आठवतं. मनू हात चारचौघांसारखेच धुते. तिचा त्रास वहीत होता. 'का'चा काना जरा तिरका गेला की खोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा खोडायचं. मराठीच्या वहीत पानांना भोकं पडली होती आणि त्या भोकांच्या कडेनं पेन्सिलीचा काळा चिखल झाला होता. गृहपाठाच्या चार ओळींना रात्रीचे दहा वाजायचे. उजव्या हाताचा धक्का दाराला लागला की डाव्याचाही लागायला हवा. आरतीत शब्द चुकला की पहिल्यापासून. आणि हे सगळं नीट झालं नाही तर आईला, म्हणजे मला, काहीतरी होणार. ही शेवटची गोष्ट तिनं किती तरी महिने कुणाला सांगितलीच नव्हती. शाळेतून "अक्षर सुंदर, पण गती कमी" एवढंच कळायचं. नातेवाईक म्हणायचे, पोरीला किती छान वळण आहे.

या क्लिनिकच्या आधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो. नाव घेत नाही. तिथे मनूच्या मनगटात रबर घातलं आणि सांगितलं, वाईट विचार आला की रबर ताणून सोड आणि मनात 'थांब' म्हण. मनगट लाल झालं, विचार वाढले. जो विचार करायचा नाही म्हणून ठरवावं, तोच आधी डोक्यात येतो. हे इथे लिहायचं कारण, समुपदेशन या पाटीखाली काहीही चालतं. ओसीडीसाठी ज्या थेरपीचा सर्वांत भक्कम आधार आहे तिचं नाव ईआरपी, म्हणजे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. कुठेही फोन केलात तरी पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही मुलांसाठी ईआरपी करता का? दुसरा: आई-वडिलांची वेगळी सेशन घेता का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का तेही विचारा. या क्लिनिकच्या मॅडमनी विचारायच्या आधीच भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं.

पहिली भेट दीड तासाची. आधी तिघं एकत्र, मग मनू एकटी, मग आम्ही दोघं. ओसीडी किती तीव्र आहे ते मोजायच्या येल-ब्राउन स्केलची मुलांसाठीची आवृत्ती असते, तिच्यात दहा मुख्य प्रश्न असतात. पाच मनात घुसणाऱ्या विचारांबद्दल, पाच त्यापायी कराव्या लागणाऱ्या कृतींबद्दल. दिवसातला किती वेळ जातो, किती त्रास होतो, कामात किती अडथळा येतो, किती थोपवता येतं, किती ताबा आहे. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण चाळीस. सोळाच्या वर गेलं की उपचाराची गरज आहे असं साधारण धरतात. मनूचे सत्तावीस आले. मला आकडा ऐकून धडकी भरली, पण त्याचा फायदा पुढे कळला: सुधारणा होते आहे की नाही ते आपल्या मूडवर न ठरवता मोजता येतं.

मनू त्या दिवशी बाहेर आली ती हलकी होऊन. मॅडमनी तिला सांगितलं होतं की आईला काही होईल हा विचार असंख्य मुलांना येतो, तो येतो म्हणून तू वाईट होत नाहीस आणि तसं काही घडतही नाही. तो विचार वारंवार आणणाऱ्या आजाराला एक नाव दे म्हणाल्या. मनूनं ठेवलं 'टुमणेबाई'. सारखं टुमणं लावते म्हणून. तेव्हापासून घरात भांडण मनूशी होत नाही, टुमणेबाईशी होतं, आणि त्यात मनू आमच्या बाजूला असते.

आता मुख्य गोष्ट. या क्लिनिकला मी चार स्टार देते ते प्रामुख्यानं आई-वडिलांच्या सेशनसाठी. मॅडमनी आम्हाला विचारलं, "ती घाबरून विचारते तेव्हा तुम्ही घरात काय काय करता?" आणि कागद पुढे केला. लिहिता लिहिता पान भरलं. मी "काही होणार नाही गं बाळा" म्हणते. हे तिच्या वहीचं शेवटचं वाक्य स्वतः लिहून देतात. शाळेची बस सुटू नये म्हणून मीच तिचे बूट घालते, म्हणजे डावा-उजवा जुळवायला नको. सासूबाई तिच्याबरोबर आरती परत पहिल्यापासून म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "यातलं प्रत्येक काम प्रेमानंच होतं. ज्या घरात ओसीडी असतो त्या जवळजवळ प्रत्येक घरात हे होतं."

मग त्यांनी चक्र काढून दाखवलं. विचार येतो, भीती चढते, कृती केली की किंवा आईनं उत्तर दिलं की भीती उतरते. ती उतरल्याचं सुख मेंदू लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच मागतो, अधिक लवकर, अधिक वेळा. खाज सुटली की खाजवावं आणि खाजवलं की जास्त सुटावी, तसं. ईआरपीत भीतीला मुद्दाम, थोडं थोडं सामोरं जायचं आणि कृती करायची नाही. भीती चढते, राहते, आणि काही न करताही ओसरते किंवा निदान सोसवते, हे मुलाला स्वतःच्या अंगानं कळावं लागतं. सांगून कळत नाही. 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं असे पहिले रुग्ण बरे केल्याचं लिहिलं, म्हणजे ही काही कालची फॅशन नव्हे.

आमच्यासाठीचा भाग असा: उत्तर देणं एकदम बंद करायचं नाही. एकच गोष्ट निवडायची, मुलीला आधी सांगायचं, शक्यतो लिहून, आणि मग दोघांनी सारखंच वागायचं. आम्ही रात्रीचा प्रश्न निवडला. झोपताना मनू विचारायची, "आई, तुला उद्या काही होणार नाही ना?" उत्तर मिळालं की दोन मिनिटांनी परत. मॅडमनी आमच्याकडून पत्र लिहून घेतलं, त्यांच्यासमोर, आणि दोन वाक्यं खोडायला लावली कारण ती उपदेशाची होती. उरलं ते एवढं: "मनू, टुमणेबाई रात्री तुला छळते हे आम्हाला दिसतं. आमचं उत्तर तिचंच बळ वाढवतं. म्हणून सोमवारपासून त्या प्रश्नाला आई एकदाच उत्तर देईल. पुढे विचारलंस तर आई म्हणेल: तुला भीती वाटते आहे हे मला कळतंय, आणि तू ती सोसू शकतेस हेही मला माहीत आहे."

हे वाक्य वाचायला सोपं आहे. रात्री साडेदहाला, पोरगी उशी तोंडावर दाबून "फक्त एकदा सांग ना" म्हणून रडते आहे, दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची भाजी निवडायची बाकी आहे, अशा वेळी ते म्हणणं फार अवघड आहे. मॅडमनी आधीच बजावलं होतं की सुरुवातीला मागणी वाढेल, राग येईल, "तुझं माझ्यावर प्रेमच नाही" हेही ऐकायला मिळेल. सगळं तसंच झालं. त्या काळात संध्याकाळी मेसेज केला तर त्या रात्रीपर्यंत उत्तर द्यायच्या, दोन ओळींचं, पण नेमकं. एकदा मी लिहिलं, आज मला उत्तर द्यावंसं वाटतंय. त्यांनी लिहिलं, "पाठीवर हात ठेवा, वाक्य तेच म्हणा." हात ठेवायला हरकत नाही, हे मला कुणीतरी सांगायची गरज होती.

मनूच्या सेशनमध्ये शिडी असते. भीतीला शून्य ते दहा गुण देऊन तिनं स्वतः पायऱ्या लिहिल्या. खाली: गणिताच्या वहीत एक आकडा तिरका ठेवणं. मध्ये: शाईच्या पेनानं लिहिणं, म्हणजे खोडताच येणार नाही. जवळजवळ वर: एका कागदावर "आज आईला काहीतरी होईल" असं लिहून तो कागद कंपासपेटीत ठेवून शाळेत जाणं. ही पायरी ऐकून मलाच ती नको झाली. मॅडमनी माझ्याकडेही तोच आकडा मागितला, तुमची भीती दहापैकी किती? मग म्हणाल्या, तुम्ही बसा, पाणी प्या, आणि आपण दोघी मिळून तिला लिहिताना बघू. मनूनं लिहिलं. 'काहीतरी' मधली वेलांटी वाकडी आली. रबर मागितलं नाही. कागदाची घडी घातली, पेटीत ठेवली, आणि पेटीचं झाकण उघडून ती घडी तिथेच आहे ना ते एकदा पाहिलं. मॅडम लगेच म्हणाल्या, "हे बघणं टुमणेबाईचं होतं की तुझं?" मनू हसली आणि पेटी दप्तरात टाकली. मला हा बारकावा आवडला. कौतुक करताना त्या चुकार कृती नजरेतून सुटू देत नाहीत.

ट्रान्स-हार्बर लोकलचंही सांगते, कारण गृहपाठ रोजच्या जगण्यात कसा बसवतात ते त्यातून कळेल. ऐरोलीहून ठाण्याला येताना मनू डब्यातला खांब उजव्या हातानं धरला की डाव्यानंही धरायची, मग पुन्हा उजव्यानं, जुळेपर्यंत. गर्दीत बायका वैतागायच्या. मॅडमनी तोच प्रवास गृहपाठ केला: एकाच हातानं धरायचं, ठाण्याच्या दहा नंबरवर उतरायचं, पूल ओलांडून पश्चिमेला येईपर्यंत दुसरा हात कशालाही लावायचा नाही. पहिल्यांदा पुलावर तिची मूठ एवढी आवळलेली होती की नखांचे वण उठले. राम मारुती रोडला लागलो तेव्हा तिनं स्वतःहून आकडा सांगितला: "आठ होता, आता चार." तेव्हा मी काहीच बोलले नाही, फक्त चालत राहिले. शाबासकी क्लिनिकमध्ये गेल्यावर, ठरल्याप्रमाणे.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलण्याची पद्धत हा या क्लिनिकचा आणखी एक गुण. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. देवाच्या बाबतीतले ओसीडीचे विचार फार नाजूक असतात, मुलाला वाटतं आपण पाप करतोय आणि आजीला वाटतं पोर भक्तिभावाची आहे. मॅडमनी सासूबाईंना बोलावून घेतलं आणि आधी त्यांचं ऐकून घेतलं. देवाचा अपमान होईल असं काहीही मनूला करायला सांगणार नाही, हा शब्द दिला. मग विचारलं, "आजी, तुमची आरती कधी चुकते का?" सासूबाई म्हणाल्या, "चुकते की. देवाला चुकलेलीसुद्धा पोचते." मॅडम म्हणाल्या, "मग मनूलाही तेवढीच मुभा देऊ या." गणपतीत मनूचं कडवं मागेपुढे झालं, ती थबकली, सासूबाईंनी झांज थांबवली नाही, आणि आरती पुढे गेली.

ठाण्याला डॉक्टरांकडे जातो म्हटलं की आपल्याकडे लोकांचे चेहरे बदलतात, हेही लिहायला हवं. इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं आहे आणि "ठाण्याला पाठवा याला" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. माझ्या जावेनं मला विचारलंच, "ठाण्याला? एवढं झालंय?" मला त्याचा फार राग आला, अजून आहे. याच ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था 1990 पासून मन:स्वास्थ्याचं काम करतं आहे, शाळाशाळांतून मुलांच्या मनाबद्दल बोललं जातं आहे, तरी आपल्या घरातलं पोर दिसलं की तीच जुनी वाक्यं निघतात. ज्यांना कुणाला नातेवाइकांना काय सांगू हा प्रश्न असेल, त्यांनी सरळ सांगावं: मुलीला ओसीडी आहे, उपचार चालू आहेत. आम्ही तसंच सांगतो, मनूच्या परवानगीनं.

औषधाचं. मॅडम सायकॉलॉजिस्ट आहेत, औषध देत नाहीत, आणि ते पहिल्याच भेटीत सांगतात. गुण जास्त असल्यामुळे त्यांनी आम्हाला मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यांनी सर्ट्रालीन हे औषध अगदी कमी मात्रेत सुरू केलं. आमचा धीर होत नव्हता. तेव्हा मॅडमनी 2004 सालचा अमेरिकेतला अभ्यास समजावला: सात ते सतरा वर्षांची 112 मुलं, काहींना नुसतं औषध, काहींना नुसती थेरपी, काहींना दोन्ही, काहींना औषधासारखी दिसणारी साधी गोळी. दोन्ही मिळालेल्या मुलांचे निकाल सर्वांत चांगले होते. या गोळ्यांची सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि स्वतःच्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. सुरुवातीच्या काळात मुलाच्या मूडकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. बेचैनी वाढली किंवा मरणाबिरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मनूला सुरुवातीला पोटात मळमळायचं, मग थांबलं.

पाचवा स्टार का नाही, ते आता. इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार त्रास झाला. बाहेर बसायच्या खोलीत आतलं बोलणं ऐकू येतं. मूल मोठ्यानं रडलं तर बाहेरच्या पालकांना सगळं कळतं, आणि मोठ्या मुलांना याचा संकोच वाटतो. पडदा आहे, तिथे नीट दार हवं. शाळेसाठीचं पत्र (लेखनाला जास्त वेळ द्यावा, खोडल्याचे गुण कापू नयेत) मागूनही उशिरा मिळालं, तोवर चाचणी परीक्षा होऊन गेली होती. पालकांना देतात ती माहितीपत्रकं बहुतेक इंग्रजीत आहेत. मराठीतली आहेत ती झेरॉक्सची झेरॉक्स, खालच्या ओळी वाचता येत नाहीत. ज्या घरात आजीनंही वाचायला हवं, तिथे चांगल्या मराठी पत्रकाची गरज आहे हे मी मॅडमना सांगितलं आहे.

पैसे: पहिल्या भेटीचे 2,000, पुढच्या प्रत्येक सेशनचे 1,500. आई-वडिलांच्या वेगळ्या सेशनचेही तेवढेच. हे थोडं नाही. आमच्या हिशेबात मोठी रक्कम आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं असं म्हटलं आहे, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे सगळं खिशातून. मॅडमनी काही काळानं स्वतःहून सेशन पंधरा दिवसांवर नेली, उगाच ओढत बसल्या नाहीत. शेवटच्या क्षणी रद्द केलंत तर अर्धे पैसे घेतात, हे आधी सांगतात.

आज मनूचे गुण तेरा आहेत. टुमणेबाई गेलेली नाही. परीक्षा जवळ आली की येते, ताप आला की येते. मराठीची वही मात्र आता शाईत आहे, खाडाखोडीसकट, आणि गृहपाठ जेवणाआधी संपतो. रात्रीचा प्रश्न कधीमधी येतो. परवा तिनं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "माहितेय, मी सोसू शकते," आणि कूस बदलली.

ज्यांना मुलाला आत सोडून बाहेर फोन बघत बसायचं आहे, त्यांनी इथे येऊ नये. इथे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला काम देतात. फार लहान मूल असेल तर मॅडम सुरुवात बहुतेक पालकांच्याच सेशननी करतात. मूल स्वतःला इजा करत असेल, खाणंपिणं सोडलं असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ मानसोपचारतज्ज्ञ किंवा हॉस्पिटल गाठा. आणि इथली तारीख मिळेपर्यंत बोलायला कुणी हवं असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

संध्याकाळच्या वेळा शाळा सुटल्यावरच्या म्हणून आधी भरतात. मी डब्यांमुळे दुपारी तीनची घेतली, ती सहज मिळाली, आणि परतीच्या लोकलला बसायला जागाही मिळते. गाडी आणू नका, पार्किंग नाही. फोन सकाळी अकराच्या आत केलात तर मॅडम स्वतः उचलतात.